सिंगल माल्ट आणि ब्लेंड: लेबलावरचा फरक आणि जिभेवरचा फरक

वाइन शॉपच्या काउंटरवर स्कॉच मागितली आणि कोणती ते सांगता आलं नाही, की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: "साहेब, थोडे पैसे वाढवा, सिंगल माल्ट न्या." त्यामागची समजूत अशी की सिंगल माल्ट म्हणजे अस्सल आणि ब्लेंड म्हणजे मिसळलेली, म्हणून कमअस्सल. ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी कितीतरी लोक आपल्याला न आवडणाऱ्या चवीवर जास्तीचे पैसे घालतात आणि जी खरोखर आवडली असती ती बाटली शेल्फवरच राहते. मी स्वतः स्कॉटलंडच्या आयला बेटावरची एक धुरकट सिंगल माल्ट चांगले पैसे मोजून आणली होती. अर्धी बाटली वर्षभर कपाटात होती, कारण मला धूर आवडतो तो एवढा नव्हे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ. 'सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीत तयार झालेली. एकाच पिंपातली नव्हे. बारा वर्षांच्या नेहमीच्या सिंगल माल्टमध्ये त्या डिस्टिलरीच्या अनेक पिंपांतला माल एकत्र केलेला असतो, म्हणजे मिसळ तिथेही आहेच. एकाच पिंपातली हवी तर लेबलावर 'सिंगल कास्क' असं वेगळं लिहिलेलं असतं. 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तत्त्व तेच: मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. ती साखर आंबवायची आणि तांब्याच्या भांड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, घाण्यामागून घाणा अशी गाळायची.

ब्लेंडेड स्कॉचमध्ये या माल्टच्या जोडीला ग्रेन व्हिस्की असते. ती प्रामुख्याने गहू किंवा मक्याची आणि उंच स्तंभासारख्या यंत्रात अखंड गाळलेली. हे यंत्र सुधारून त्याचं पेटंट १८३० मध्ये घेतलं ते एनियस कॉफी यांनी, जे आधी आयर्लंडमध्ये अबकारी अधिकारी होते. १८६० च्या ब्रिटिश कायद्याने कर भरण्याआधीच, गोदामात असतानाच, माल्ट आणि ग्रेन मिसळायची मुभा दिली आणि ब्लेंडचा धंदा उभा राहिला. ग्रेन व्हिस्की हलकी आणि गोडसर असते. तिलाही ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावीच लागतात, म्हणजे ती नुसती भर घालायला ओतलेली स्पिरिट नव्हे. गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं हे ज्या घरात कळतं, त्या घरात ब्लेंडरचं, म्हणजे व्हिस्कीची मिसळ जमवणाऱ्या माणसाचं, काम वेगळं समजवावं लागत नाही.

खरा गोंधळ तिसऱ्याच शब्दात आहे: 'ब्लेंडेड माल्ट'. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी पाच प्रकार ठरवले, त्यातला हा एक. यात ग्रेन अजिबात नाही. दोन किंवा अधिक डिस्टिलऱ्यांचे माल्ट एकत्र केलेले असतात, इतकंच. जॉनी वॉकर ग्रीन लेबल आणि मंकी शोल्डर या त्या जातीच्या. 'ब्लेंडेड' शब्द दिसला म्हणून गिऱ्हाईक त्या खाली ठेवतं आणि त्याहून महाग, त्याहून साधी सिंगल माल्ट उचलतं, हे मी पाहिलं आहे. ग्रीन लेबलवर पंधरा वर्षं लिहिलेली असतात आणि तो आकडा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. वयाचा हा नियम सिंगल माल्टला आणि ब्लेंडला सारखाच लागू आहे.

मग सिंगल माल्ट महाग का? पॉट स्टिलचं काम खर्चिक आहे आणि माल कमी निघतो, हे खरंच. पण आपल्या काउंटरवर जो फरक दिसतो त्यात कराचा आणि कायद्याचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. ब्लेंडला ती सक्ती नाही, ती टाक्यांतून भारतात आणता येते. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, हंड्रेड पायपर्स अशा ओळखीच्या बाटल्या इथे भरल्या जातात. भारतात भरलेल्या बाटलीवर अल्कोहोलचा आकडा बहुधा ४२.८ टक्के असा दिसतो, तीच तिची खूण. त्यात सीमाशुल्क टक्क्यांत लागतं. वर्षानुवर्षं ते १५० टक्के होतं. म्हणजे तिकडे दोन बाटल्यांत शंभर रुपयांचा फरक असेल तर नुसत्या या शुल्काने तो अडीचशेचा होतो, वर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळंच. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं आपलं शुल्क २०२१ च्या नोव्हेंबरात ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा किमती खाली आल्या. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. सांगायचं इतकंच की किमतीतलं अंतर पाहून चवीतलं अंतर मोजता येत नाही.

'ब्लेंड' हा शब्द आपल्याकडे बदनाम का झाला, तेही इथेच सांगायला हवं. भारतात बनणाऱ्या स्वस्त व्हिस्क्यांमध्ये मुख्य माल असतो साखर कारखान्यांच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेली, जवळजवळ चवहीन स्पिरिट. चवीसाठी तिच्यात थोडा माल्ट, कधी थोडी स्कॉच. मळीच्या अशा दारूला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. त्या बाटलीवरचं 'ब्लेंडेड' आणि स्कॉचवरचं 'ब्लेंडेड' यांचा अर्थ एक नाही. कॉलेजनंतरच्या दिवसांत पहिलीची चव तोंडात बसली, म्हणून दुसरीला नाक मुरडायचं कारण नाही.

आता जिभेकडे येऊ, कारण निर्णय तिचा आहे. व्हिस्कीची बरीचशी चव पिंपातून येते. आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की भरलेल्या पिंपात मुरलेली व्हिस्की व्हॅनिला, मध आणि ओल्या नारळाच्या वडीकडे झुकते. ग्लेनमोरांजी, ग्लेनलिव्हेट १२ या त्या बाजूच्या. स्पेनच्या शेरी या वाइनच्या पिंपात मुरलेली काळ्या मनुका, खजूर, लवंग, जायफळ यांची आठवण देते. ग्लेनड्रोनाक १२ किंवा ग्लेनफार्क्लास प्यायलात की दिवाळीतला सुकामेव्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं. आणि तिसरा धूर. बार्ली वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीत कुजून साठलेली वनस्पतींची माती, जाळली की तो धूर दाण्यात बसतो. थोडा असेल तर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरितासारखा. लाफ्रोएग किंवा आर्डबेगइतका असेल तर लहानपणी गुडघ्याला लावलेल्या टिंक्चर आयोडीनची आठवण येते, आणि ज्याला तो भावतो त्याला दुसरं काही नको वाटतं. या तिन्ही चवी सिंगल माल्टमध्ये मिळतात आणि ब्लेंडमध्येही मिळतात. फरक मात्रेचा. सिंगल माल्टमध्ये एक सूर मोठा लागतो, ब्लेंडमध्ये दोन-तीन सूर मऊ होऊन एकत्र येतात.

म्हणून माझा सल्ला असा की ब्लेंडपासून सुरुवात करा आणि तिच्या पोटातला माल्ट ओळखा. शिवास १२ आवडली तर तिच्या गाभ्यात स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातला स्ट्राथआयला माल्ट आहे. तुमची जीभ फळांच्या, मधाच्या बाजूची, तेव्हा पुढचे पैसे स्पेसाइडच्या सौम्य सिंगल माल्टवर घाला. जॉनी वॉकर ब्लॅकमधला तो शेवटचा धूर आवडला तर तो मोठ्या प्रमाणात आयलाच्या कौल ईलाचा आहे, मग कौल ईला किंवा टॅलिस्कर तुम्हाला पटेल. टीचर्समध्ये आर्डमोरचा धुरकट माल्ट असतो. ती डिस्टिलरी १८९८ मध्ये टीचर्सच्या घराण्याने या ब्लेंडसाठीच बांधली. आपल्या किमतीत इतका स्पष्ट पीट देणारी दुसरी बाटली मला माहीत नाही. टीचर्सचा धूर नकोसा वाटला तर महागड्या आयला माल्टच्या वाटेलाच जाऊ नका. ब्लेंड बहुधा क्वार्टरमध्ये मिळते, सिंगल माल्टचा बहुधा खंबाच घ्यावा लागतो, त्यामुळे ही परीक्षा १८० मिलीत उरकते.

पिण्याची पद्धतही किमतीशी जोडलेली आहे. ग्लासभर बर्फ, वर सोडा आणि समोर मसाला पापड, लसणीचं फरसाण, तळलेले बोंबील, असा तुमचा बेत असेल तर चांगली ब्लेंडच घ्या. गारठ्यात वास दबतो, तिखटाने जीभ बधिर होते, आणि सिंगल माल्टचे जादा पैसे ज्या बारकाव्यांसाठी दिले तेच हरवतात. ब्लेंड सोड्यात छान उभी राहते, शंभर-दीडशे वर्षं लोक ती तशीच पीत आले आहेत. सिंगल माल्ट तेव्हा आणा जेव्हा जेवणाआधी किंवा नंतर, नुसती किंवा चमचाभर साध्या पाण्यात, तासभर एकच पेग घेऊन बसायचं आहे. पाण्याचे चार थेंब पडले की दबलेला वास वर येतो, ४६ टक्क्यांच्या बाटलीत तर हे फार स्पष्ट कळतं.

आणि सिंगल माल्टच हवी असेल तर स्कॉटलंडच कशाला? गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते, २०१२ पासून बाजारात आहे. बंगळुरूची अमृत त्याआधीच, २००४ मध्ये, थेट ग्लासगोत विक्रीला गेली होती. आपल्या उष्णतेत पिंपातून दरवर्षी उडून जाणारा भाग स्कॉटलंडच्या दोनेक टक्क्यांच्या कित्येक पट असतो. तोटा मोठा, पण लाकूड आणि दारू यांची देवाणघेवाण वेगाने होते आणि थोड्या वर्षांतच दाट चव उतरते. त्यामुळे या बाटल्यांवर वयाचा आकडा बहुधा नसतो आणि नसला तरी बिघडत नाही. पॉल जॉनमध्ये बिनधुराची हवी तर ब्रिलियन्स, किंचित धुराची एडिटेड, भरपूर धुराची बोल्ड. आयात शुल्क नसल्याने त्याच पैशांत इथे ४६ टक्क्यांची, दाट सिंगल माल्ट हाती येते. माझ्या मते आज महाराष्ट्रात पैशाचं सर्वात चांगलं मोल देणारी सिंगल माल्ट याच रांगेत शोधावी.

आम्ही चौघं मित्र वर्षातून दोनदा एक गोष्ट करतो. चार बाटल्या, प्रत्येकाने एक आणायची, पाचव्या माणसाने आतल्या खोलीत ग्लास भरून खाली चिठ्ठ्या चिकटवायच्या. १५ मिली पुरते. आधी वास, मग घोट, मग पाणी, आणि भाव ऐकण्याआधी आपापला क्रम कागदावर लिहायचा. गेल्या वेळी दोघांचा पहिला क्रमांक ब्लेंडला गेला, माझा एका शेरी पिंपातल्या माल्टला, आणि चौथ्याचा टीचर्सला, म्हणजे तोही ब्लेंडलाच. तो दुबईहून येताना ड्यूटी फ्रीमधून दर वेळी दोन लिटरची मर्यादा महागड्या सिंगल माल्टने भरायचा. या खेपेला त्याने एकच आणली, ग्रीन लेबल, आणि ती उघडायला आम्ही शनिवारी त्याच्याकडे जमतो आहोत.