इस्लाममध्ये फक्त सोन्या-चांदीचाच पैसा चालतो?

नोटा इस्लामला मान्य नाहीत, सोन्याचा दिनार आणि चांदीचा दिरहम हाच खरा, कायम स्थिर पैसा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. प्रेषितांच्या काळात चालणारे दिनार बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याचे होते, दिरहम इराणच्या सासानी साम्राज्याचे. इस्लामी दिनार (सुमारे 4.25 ग्रॅम) खलिफा अब्द अल-मलिकने इ.स. 696-97 च्या सुमारास पाडला.

1986 मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) अकादमीने नोटांना पूर्ण चलन मानलं. व्याजबंदी आणि जकात (गरिबांसाठीचं सक्तीचं दान) त्यांनाही लागू. म्हणजे 85 ग्रॅम सोन्याच्या किमतीइतकी रोकड (काही जण 595 ग्रॅम चांदी धरतात) चांद्रवर्षभर हाती राहिली, तर अडीच टक्के जकात द्यावीच लागते. नोटेला पैसाच न मानणारा नकळत गरिबाचा हक्क बुडवतो, म्हणून हा गैरसमज निरुपद्रवी नाही.

आणि स्थिरता? 1324 मध्ये मालीच्या मन्सा मूसाने कैरोत इतकं सोनं वाटलं की सोन्याचाच भाव पडला. पुढे त्याच इजिप्तमध्ये, नाणं धातूचंच असूनही, तांब्याचे फुलूस बेसुमार पाडले गेले आणि महागाई भडकली. इतिहासकार अल-मक्रीझीने तेव्हाच दोष या नाण्यांच्या सुळसुळाटाला आणि कारभाराला दिला.