हरणटोळ

हरणटोळ : झाडाझुडपांवर राहणारा, दोरीसारखा सडपातळ, पोपटी-हिरवा निमविषारी साप. यालाच सर्पटोळ असेही म्हणतात. कोल्युब्रिडी कुलातील अहेतुल्ला या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) त्याचा समावेश होतो.

प्रजातीचे नाव सिंहली भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘डोळे उपटणारा’ असा लावतात. तमिळमधील ‘कण्कोत्ती पांबु’ म्हणजे डोळ्यांवर चोच मारणारा साप. हरणटोळ उडून टाळूवर डसतो, ही महाराष्ट्रातील समजूतही बहुधा याच जातकुळीची असावी. तिला आधार नाही. हा साप माणसाच्या तोंडाच्या उंचीवरच्या फांद्यांत वावरतो आणि छेडल्यास पुढे झेप घेतो. एवढ्यावरून ती रुजली असावी.

वर्गीकरण बरेच गुंतागुंतीचे आहे. जुन्या ग्रंथांत तो ड्रायोफिस नासुटस या नावाने येतो, नंतर दीर्घकाळ अहेतुल्ला नासुटा हे नाव रूढ होते. भारत आणि श्रीलंकेतील सारे हिरवे हरणटोळ एकाच जातीचे, असे त्यात गृहीत होते. २०२० मध्ये अशोक कुमार मलिक व सहकाऱ्यांनी जनुकीय आणि बाह्यलक्षणांच्या आधारे हे गृहीतक मोडले. त्यांच्या मते नासुटा ही जाती श्रीलंकेपुरती मर्यादित असून द्वीपकल्पाच्या मैदानी भागातील जाती ऑक्सिरिंका, तर सह्याद्रीच्या उत्तर भागातील जाती बोरिअ‍ॅलिस होय. दक्षिणेकडे आणखी जाती आहेत. ही विभागणी आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात आणि तीच ग्राह्य धरणे इष्ट. म्हणून महाराष्ट्राविषयीच्या जुन्या नोंदींत ‘नासुटा’ दिसल्यास साप कोणत्या भागातला, हे आधी पाहावे. याच अभ्यासकांनी २०१९ मध्ये सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील अगस्त्यमलै परिसरातून प्रोअहेतुल्ला ही स्वतंत्र प्रजाती नोंदवली. हरणटोळांपासून तिची शाखा सुमारे २.६ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी.

डोके लांबट, मुस्कट टोकदार, शेपूट लांब. पोटाच्या दोन्ही कडांनी पिवळसर किंवा पांढरी रेघ जाते. डोळ्याची बाहुली आडवी, कुलपाच्या भोकासारखी असते. सापांत ही ठेवण दुर्मिळ. मुस्कटावर डोळ्यांपुढे पन्हळीसारखी खाच असल्याने दोन्ही डोळ्यांची नजर एकाच बिंदूवर जुळते आणि भक्ष्याचे अंतर नेमके कळते. करवंदीच्या जाळीत तो वाऱ्यासोबत हळूहळू झुलतो. जीभ बाहेर काढून बराच वेळ तशीच स्थिर धरतो. डिवचल्यास अंग फुगवतो. तेव्हा खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी उघडी पडते आणि हिरव्या सापाचा क्षणात पट्टेरी साप होतो.

सरडे, पाली, बेडूक आणि लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. विषदंत जबड्याच्या मागच्या बाजूस असल्यामुळे विष भिनण्यासाठी भक्ष्य तोंडात धरून ठेवावे लागते. पाली-सरड्यांना ते लुळे करते. माणसाला सूज, वेदना, बधिरपणा जाणवतो आणि साधारणपणे तीन दिवसांत तो त्रास ओसरतो. तरी दंशानंतर रुग्णालयात जावे, कारण चावलेला साप ओळखण्यात चूक होऊ शकते.

हरणटोळ पिल्लांना जन्म देतो. अंडी मादीच्या शरीरातच वाढतात. प्रजननाविषयी एक जुनी नोंद वारंवार उद्धृत होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ऑगस्ट १८८५ पासून एकटी ठेवलेली मादी ऑगस्ट १८८८ मध्ये व्याली. नराचे वीर्य तिने तीन वर्षे साठवले, की नराविनाच प्रजनन झाले, हा वाद मिटलेला नाही. नराविना प्रजनन काही सापांत सिद्ध झाले आहे. पण या मादीच्या पिलांची जनुकीय तपासणी तेव्हा शक्य नव्हती. वीर्यसाठवणीचे स्पष्टीकरण तूर्त अधिक सयुक्तिक वाटते. रानातील मादीच्या वीणकाळाच्या नोंदी मात्र तुटक आहेत.