नव्या पाइपमधला काळा लेप आणि वापरातून धरलेला केक

तंबाखू ओढायचा ब्रायरचा (एका झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीच्या लाकडाचा) कोराकरकरीत पाइप हातात घेऊन त्याच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागात, डोकावलं की बहुतेक वेळा आत काळंभोर दिसतं. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या पाइपची वाटीही आतून काळीच असते. नेमका इथेच घोटाळा होतो. नव्या पाइपमधला काळा थर म्हणजे कारखान्यात दिलेला लेप. वापरलेल्या पाइपमधला थर म्हणजे केक, तंबाखू जळून लाकडावर साचत गेलेला कार्बन. दिसायला सारखे, पण घडतात वेगळ्या कारणांनी, बिघडतात वेगळ्या तऱ्हेने, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर पाइपचं नुकसान होतं. नव्या पाइपची चव कडवट, धातूसारखी किंवा रंगासारखी लागते म्हणून वैतागलेल्या माणसाने आधी हा फरक नीट समजून घ्यावा. पॉलिश पेपर हातात घ्यायचा तो त्यानंतर.

केकची गोष्ट थोडक्यात आटपते. तंबाखू पूर्ण जळत नाही. त्यातला कार्बन, डांबर आणि साखरेचे अवशेष वाटीच्या भिंतीवर पातळ पुटासारखे चिकटतात आणि प्रत्येक भरणीबरोबर, म्हणजे दर वेळी तंबाखू भरून ओढला की, त्यात भर पडते. हा थर सच्छिद्र असतो, थोडा ओलावा शोषतो आणि निखारा थेट लाकडाला भिडू देत नाही. १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा, चारही बाजूंनी सारखा केक म्हणजे चांगल्या स्थितीतला पाइप. त्याहून जाड झाला की तापल्यावर केक आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि ताण वाटीवर येतो. वाटीला तडा जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. म्हणून केक ठेवायचा, फक्त छाटत राहायचं.

लेपाचं प्रकरण मात्र एका वाक्यात बसत नाही, कारण लेप एकाच प्रकारचा नसतो. तो का देतात हे आधी पाहू. कोऱ्या लाकडाला पहिल्या काही भरण्यांत जळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि लेप त्यातून थोडं संरक्षण देतो. दुसरं कारण विक्रेता सहसा सांगत नाही: ब्रायरमध्ये वाळूचे बारीक खड्डे, डाग, रंगातला फरक असतो, आणि काळ्या लेपाखाली ते सगळं झाकलं जातं. चांगल्या लाकडावरही लेप असू शकतो, त्यामुळे लेप दिसला की लाकूड वाईटच असं समजू नये. आत काय आहे ते दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला प्रकार सेंद्रिय लेपाचा. ॲक्टिव्हेटेड चारकोलची पूड ताकात, आंबट सायीत, मधात किंवा जिलेटिनमध्ये कालवून आतून लावतात आणि वाळू देतात. हा लेप मऊ, मंद काळा आणि किंचित खरखरीत असतो. पहिल्या दोन-तीन भरण्यांत हलकी आंबूस किंवा भाजकट चव येते, मग तो आगीत अर्धा जळतो आणि उरलेला केकचा पहिला थर होऊन जातो. याला हात लावू नका. तो घासून काढणारा माणूस आपलंच काम वाढवतो.

दुसरा प्रकार वॉटरग्लासचा, आणि बहुतेक तक्रारी याच्याबद्दल असतात. वॉटरग्लास म्हणजे सोडियम सिलिकेटचं पाण्यातलं द्रावण. त्यात कोळशाची किंवा ग्रॅफाइटची पूड मिसळून वाटीत फासतात. पाणी उडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड सिलिकेटशी क्रिया करून सिलिका तयार करतो आणि भिंतीवर काचेसारखी पापडी बसते. हा लेप जळत नाही, हा त्याचा फायदा. आणि जळत नाही म्हणूनच तो केकमध्ये विरघळूनही जात नाही, ही त्याची खोड. लाकूड तापून फुगतं, थंड होऊन आकसतं. पापडीला तेवढी लवचीकता नसते, ती अंड्याच्या कवचासारखी तडकते आणि खपल्या निघतात. कारखान्यात नीट न वाळवता पाइप पॅक केला असेल तर आणखी एक प्रकार होतो: पापडीत अडकलेलं पाणी पहिल्याच भरणीत वाफ होऊन बाहेर पडू लागतं आणि लेपाला फोड येतात. कच्चं सोडियम सिलिकेट चांगलंच अल्कधर्मी असतं. जिभेवर येणारी साबणासारखी, खडूसारखी चव त्याचीच.

तिसरा प्रकार खरं तर लेपच नाही, पण लेप म्हणून खपतो: रंग. वाटी बाहेरून रंगवताना ती अख्खी रंगात बुडवली किंवा रंग काठावरून आत ओघळला की आतलं लाकूडही काळं, तपकिरी किंवा तांबूस होतं. हे रंग बहुधा स्पिरिटमध्ये विरघळणारे असतात. तापल्यावर त्यांचा उग्र, रासायनिक वास येतो आणि घशाशी कडवटपणा राहतो. नव्या पाइपमधली सगळ्यांत वाईट चव बहुतेकदा याचीच असते, आणि दोष मात्र लेपाच्या माथी जातो. कधी दोन्ही एकत्र असतात, खाली रंग आणि वर लेप.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कापसाच्या तीन काड्या, थोडं कोमट पाणी, इथाइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक टॉर्च आणि लाकडी टूथपिक पुरे.

आधी टॉर्च मारून बघा. केक मंद काळा, दाणेदार आणि असमान असतो. वरच्या भागात जास्त, तळाशी कमी, कारण तळापर्यंत तंबाखू क्वचितच नीट जळतो. लेप तळापासून काठापर्यंत सारख्या जाडीचा दिसतो, आणि धूर जाण्याच्या भोकाच्या कडेलाही ब्रशने फिरवल्यासारखा गेलेला असतो. ही खूण सहसा चुकत नाही. वॉटरग्लासवर टॉर्चचा प्रकाश तिरका टाकला की चकाकी दिसते.

मग कोरडी काडी आत फिरवा. केक किंवा सेंद्रिय लेप असेल तर काजळीसारखा करडा-काळा डाग येतो. वॉटरग्लास असेल तर काडी जवळजवळ स्वच्छ निघते. दुसरी काडी कोमट पाण्यात बुडवून, पिळून, अर्धा मिनिट एकाच जागी फिरवा: सेंद्रिय लेप लगेच मऊ होऊन काडीवर येतो, वॉटरग्लास जरासा बुळबुळीत लागतो. तिसरी काडी अल्कोहोलची. न वापरलेल्या पाइपमध्ये तिच्यावर ठळक तांबूस, जांभळट किंवा तपकिरी छटा आली तर आत बहुधा रंग आहे; वापरलेल्या पाइपमध्ये तपकिरी छटा डांबराचीही असू शकते. सोडियम सिलिकेट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे शुद्ध वॉटरग्लासवर या काडीचा परिणाम होत नाही. शेवटी टूथपिकच्या टोकाने काठाखाली हलकंसं खरवडा. पूड पडली तर सेंद्रिय लेप किंवा कोवळा केक, कडक खपली उडाली तर वॉटरग्लास, काहीच न निघता रंगीत लाकूड दिसलं तर रंग.

एक अपवाद सांगून ठेवतो. अमेरिकेतले डॉ. ग्रॅबो हे पाइप कारखान्यातच यंत्रावर तंबाखू जाळून ‘प्री-स्मोक्ड’ म्हणून विकले जात. अशा न वापरलेल्या जुन्या पाइपमध्ये दिसणारा पातळ थर खरोखर जळलेल्या तंबाखूचा असतो. तो घासायचा नसतो.

आता इलाज. केकचं हत्यार रीमर, म्हणजे वाटीत फिरवून केक छाटायचं पात्यांचं हत्यार. सगळ्यांत लहान मापाने सुरुवात करून, न दाबता फिरवत, १ मिलिमीटर थर उरेपर्यंत छाटायचं. केकला आधीच्या तंबाखूचा वास बसला असेल तर वाटीत कापूस भरून त्यावर थेंबाथेंबाने अल्कोहोल सोडायचं आणि पाइप चोवीस तास उभा ठेवायचा. डांबर कापसात उतरून कापूस तपकिरी होतो. काही जण कापसाऐवजी मीठ भरतात. कापूसच बरा, कारण मिठाने वाटीला तडे गेल्याच्या तक्रारी आहेत.

हीच दोन्ही कामं नव्या लेपावर केली की फसतात. रीमरचं पातं केकमध्ये सहज कापत जातं. कडक पापडीवर ते अडतं, मग पापडी उडाल्याबरोबर कोऱ्या लाकडात रुततं आणि भिंतीत पायऱ्या पडतात. कापूस-अल्कोहोलने वॉटरग्लास हलत नाही, उलट अल्कोहोल काठावर सांडून बाहेरचं शेलॅक (लाखेचं पॉलिश) आणि रंग उतरतो.

वॉटरग्लासबाबत माझं मत ठाम आहे: एक तर तो अखंड राहू द्या, नाहीतर पूर्ण काढा. अर्धवट खरवडलेला लेप सर्वांत त्रासदायक. उरलेल्या तुकड्यांच्या कडांवर केक धरतो, पुढच्या तापण्यात तुकडा सुटतो आणि केकही बरोबर घेऊन येतो. तिथे मग लाकूड पुन्हा उघडं. लेप अखंड असेल आणि चव फक्त जराशी खडूसारखी असेल तर पाच-सहा भरण्या वाट बघा. अनेकदा केकचा पहिला थर बसला की चव जाते. फोड आले असतील, खपल्या तोंडात येत असतील किंवा खाली रंग असल्याची खात्री पटली असेल तर काढा. त्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. लेप घासून काढलेला पाइप जळाला तर बदलून मिळणार नाही अशी अट असू शकते.

काढण्याची पद्धत अशी. पाइप पूर्ण थंड असताना स्टेम, म्हणजे तोंडात धरायचा भाग, फिरवत वेगळा करा. गरम असताना ओढला तर सांध्याचं टोक मोडतं. नळीतून पाइप क्लीनर (नळी साफ करायची लवदार तार) घालून त्याचं टोक धुराच्या भोकाशी आणून ठेवा, म्हणजे भुकटी आत जाणार नाही. काठावर मास्किंग टेप लावा. किचन पेपरची पट्टी कोमट पाण्यात भिजवून, ठिबकणार नाही इतकी पिळून भिंतीला दाबून बसवा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ताजा लेप यात मऊ होतो आणि लाकडी काडीने बराचसा सुटतो. जुना, कडक झालेला कमी सुटतो. वाटी पाण्याने भरून ठेवू नका. मग पाइप रात्रभर वाळू द्या, कारण ओल्या लाकडावर पेपर मारला तर तंतू उभे राहून पृष्ठभाग फाटतो.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर. वाटीचा आतला व्यास साधारण १९-२० मिलिमीटर असेल तर १४-१५ मिलिमीटर जाडीची लाकडी गोल काठी घ्या, तिचं टोक तळाच्या आकारासारखं गोल करा आणि तिच्यावर १२० नंबरचा पेपर गुंडाळा. लेप फारच चिवट असेल तरच ८० नंबर. तळापासून काठापर्यंत पूर्ण लांबीत, हाताने, पाइप सतत फिरवत घासा. ड्रिल किंवा मोटरचं हत्यार वापरू नका. वाटी कधी लांबट झाली ते कळतही नाही. जिथे लाकडाचा रंग दिसू लागला तिथला दाब लगेच कमी करा. धुराच्या भोकाच्या खाली तर बेतानेच घासा, कारण तळ पातळ झाला की तिथूनच जळतो. भुकटीत सिलिका असते, तेव्हा मास्क लावा आणि घासलेलं फुंकून उडवू नका; पाइप पालथा करून ठोका. शेवटी २२० नंबरने एक हात फिरवा. त्याहून गुळगुळीत नको, केकला धरायला थोडा खडबडीतपणा लागतो.

खाली रंग असेल तर आता अल्कोहोलच्या काड्या, एकेक करून. काडीवरचा रंग फिका झाला की थांबा. रेषांमध्ये खोल मुरलेला रंग पूर्ण निघत नाही, आणि त्याच्या मागे लागून भिंत पातळ करण्यात अर्थ नाही. चोवीस तास उघडा ठेवून मगच तंबाखू भरा. हे सगळं चवीपुरतं आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं: लेप काढल्याने पाइप ओढणं आरोग्याला सुरक्षित होत नाही.

उघड्या लाकडाची धास्ती वाटत असेल तर सेंद्रिय लेप घरी देता येतो. चमचाभर ताकात ॲक्टिव्हेटेड चारकोलची पूड पातळ चटणीइतकी दाट होईपर्यंत कालवा. शेगडीच्या कोळशाच्या विटा कुटून वापरू नका, त्यांत चिकटवण्यासाठी घातलेली इतर द्रव्यं असतात. भोकात पाइप क्लीनर ठेवून बोटाने पातळ थर द्या आणि तीन-चार दिवस सावलीत वाळवा. मीरशॉम (एक मऊ, पांढरं खनिज) किंवा मातीच्या पाइपला यातलं काहीच लागत नाही. त्यांत लेपही नको आणि केकही धरू द्यायचा नसतो.

पहिल्या भरण्या सावकाश ओढा. फार गोड पाक दिलेला, ओलसर तंबाखू सुरुवातीला टाळा. तो ओला जळतो आणि पुन्हापुन्हा पेटवावा लागतो, म्हणजे काडीची ज्वाला वारंवार लाकडाला लागते. दोन भरण्यांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. वाटी बाहेरून एकाच जागी हाताला सहन होईना इतकी तापली, किंवा बाहेरच्या पॉलिशवर बुडबुडा आला, तर लगेच खाली ठेवा आणि राख काढून टॉर्चने आतली तीच जागा बघा. बोटाने दाबल्यावर लाकूड भुसभुशीत लागलं तर जळण्याची सुरुवात झाली आहे. नुसती काळवंडलेली, पण टणक जागा असेल तर तिथे चिंता नाही. रीमर मात्र केक १.५ मिलिमीटरच्या पुढे जाईपर्यंत बाहेर काढू नका.