पाचोळ्यातला तास

देवराईत शिरलं की तिसरीचा वर्ग आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागतो. देवाची भीती असेल, नाहीतर गारवा. मावळातल्या एका गावच्या राईत, श्रावणातल्या एका उघडिपीच्या सकाळी मी त्यांच्या मागून गेलो होतो. बाईंनी दर चौघांत एक चौकट दिली. फूटभर लांबीच्या चार काड्या सुतळीने बांधलेल्या, बस्स. चौकट पाचोळ्यावर ठेवायची आणि आत जे दिसेल ते वहीत लिहायचं. बाहेरचं काही मोजायचं नाही.

पहिली पाच मिनिटं सगळ्या वह्यांत एकच नोंद: ‘पानं’. मग एका मुलीने काडीने वरचं पान उचललं आणि खाली वाणी निघाली. हलवताच तिने पैशासारखी गुंडाळी केली.

“बाई, हिला शंभर पाय!”

“मोजलेस?”

“कशी मोजू? गुंडाळलीय.”

“सगळे नको मोजू. उलगडली की एका कड्याला किती आहेत ते बघ.”

कड्याला दोन जोड्या, म्हणजे चार पाय. गोमेला मात्र कड्याला एकच जोडी असते. दोघींतला फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. मग कडी मोजून चारचा पाढा. अर्थात उत्तर थोडं जास्तच येतं, कारण वाणीच्या पहिल्या कड्याला पायच नसतात आणि पुढच्या तिघांना एकेक जोडी असते. बाईंनी हे लगेच सांगितलं नाही. बरं केलं.

माझं लक्ष होतं पानांच्या थरांकडे. वर नुकतं गळलेलं, कडकडीत पान. त्याखाली तपकिरी, भोकं पडलेलं. त्याच्याही खाली दोन पानं एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये पांढऱ्या धाग्यांचं जाळं, ती बुरशी. आणि तळाशी काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती. एकेक थर उचलत जाणं म्हणजे एकेक महिना मागे जाणं. देवळाजवळच्या पिंपळाखाली तर जाळीदार पान मिळालं, आपण सगळ्यांनी कधी ना कधी वहीत जपलेलं. ती जाळी का उरते? पानाचा मऊ भाग जिवाणू आणि बुरशी आधी फस्त करतात. शिरांमध्ये लिग्निन नावाचं चिवट द्रव्य भरपूर असतं. ते मोडणं फार थोड्या जिवांना जमतं, बुरशीच्या काही जातींना मुख्यतः. म्हणून शिरा मागे राहतात. फळ्यावर हे सगळं ‘कुजणे’ एवढ्या एका शब्दात उरकतं.

या जिवाणूंचा मुलांच्या अंगाशीही संबंध आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी १० बालवाड्या निवडल्या. काहींच्या खडी-डांबराच्या अंगणात जंगलाची जमीन उचलून आणून पसरली, शेवाळ आणि रानझुडपांसकट. ३ ते ५ वर्षांची मुलं तिथे रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाला आवर घालणाऱ्या घटकांचं पारडं जड झालं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. मुलं ७५च होती, तेव्हा यावरून दम्या-ॲलर्जीवर उपाय सापडला असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे.

डोळ्यांबद्दलचा पुरावा जास्त भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांसाठी रोज ४० मिनिटांचा उघड्यावरचा तास वाढवला. ३ वर्षांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा दोष, जडलेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के निघाली, इतर शाळांत ३९.५ टक्के. कारण बहुधा उजेड. लक्स हे उजेडाचं माप; वर्गात ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, झाडाच्या विरळ सावलीत काही हजार. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते बुबुळामागच्या गोलाची लांबी वाढायला आळा घालतं असं मानलं जातं. गोल लांबला की लांबचं धूसर दिसतं. यात एक गोम आहे: आषाढ-श्रावणातल्या दाट राईत उजेड बेताचाच. डोळ्यांसाठी राईच्या कडेचा आंबा बरा.

झाडाखालची शाळा आपल्याला नवी नाही. शांतिनिकेतनात १९०१पासून वर्ग झाडाखाली भरत आले. पण हल्ली ज्या ‘फॉरेस्ट स्कूल’चं कौतुक होतं ती डेन्मार्ककडून आलेली. इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी १९९३ साली तिथे गेली, भारावली आणि परत येऊन त्यांनी तसंच सुरू केलं. तिथले नियम मात्र आपल्याकडे जसेच्या तसे चालायचे नाहीत. डेन्मार्कमध्ये विषारी साप एकाच जातीचा. आपल्या पाचोळ्यात घोणस आणि फुरसं बसतात, तीही पानांच्याच रंगाची. म्हणून इथे आधी काठी आपटायची, मग काडीने पान उलटायचं. हात कधीच घालायचा नाही, आणि पायात बूट. त्या दिवशी एक मुलगा चपलांवर आला होता. त्याला बाईंनी पारावर बसवून नोंदी लिहायला लावल्या. तो रुसला, पण सगळ्यांत सुवाच्य वही त्याचीच निघाली.

निघताना दोन पुरचुंड्या पाचोळ्यात ठेवल्या. मच्छरदाणीच्या कापडाच्या, एकीत आंब्याची वाळलेली पानं, दुसरीत शेवग्याची, दोन्ही किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून अगदी सारख्या वजनाच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडायच्या. शेवगा आधी संपेल यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत होतं: पान पातळ, त्यात नत्र जास्त, आंब्याचं चामड्यासारखं. फक्त पारावरचा तो मुलगा अडून बसला. म्हणाला, दोन्ही जड होणार. का? तर पावसाने आत चिखल जाईल.

बाई क्षणभर थांबल्या आणि त्याच्याच वहीत लिहून घ्यायला सांगितलं: पानं धुऊन, वाळवून, मगच वजन.