स्थिती-पोलिंग

स्थिती-पोलिंग : वेब सेवेकडे एखादे काम सोपवल्यानंतर ‘ते झाले का?’ असे प्रोग्रामने आपोआप, थोड्या थोड्या वेळाने विचारत राहणे आणि हवी ती स्थिती उत्तरात दिसताच थांबणे, या पद्धतीस स्थिती-पोलिंग म्हणतात. व्यवहारात नुसते ‘पोलिंग’ किंवा ‘पोल करणे’ एवढेच म्हटले जाते. मतदानाशी या शब्दाचा येथे संबंध नाही. आभासी सर्व्हर सुरू होणे, व्हिडिओचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर होणे, संकेतस्थळासाठी सुरक्षा प्रमाणपत्र मिळणे, मोठा अहवाल तयार होणे ही कामे काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत चालतात. अशा वेळी सेवा काम लगेच दाखल करून घेते आणि निकालाची चौकशी करण्याचा भार विचारणाऱ्यावर टाकते. पोलिंग लिहायला चार ओळी पुरतात, त्यामुळे ते सोपे वाटते. थांबायचे केव्हा हे ठरवणे मात्र अवघड असते, आणि पोलिंगमधल्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तिथेच सापडते.

विचारावे का लागते

एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमांत बोलण्याची सुरुवात नेहमी क्लायंट, म्हणजे विचारणारा प्रोग्राम, करतो. सर्व्हर उत्तर देतो, आपण होऊन हाक मारत नाही. काम तासभर चालणार असेल तर तेवढा वेळ जोडणी उघडी ठेवून बसता येत नाही. मधला प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) किंवा लोड बॅलन्सर (भार वाटून देणारा सर्व्हर) ती केव्हाच तोडून टाकतो. यासाठी एचटीटीपीत २०२ हा संकेतांक आहे. त्याचा अर्थ ‘विनंती स्वीकारली’ एवढाच. ती पार पडेल याची हमी त्यात नाही. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या प्रमाणकात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) हा संकेतांक मुद्दामच बांधिलकी न पत्करणारा ठेवल्याचे म्हटले आहे, आणि उत्तरासोबत कामाची सद्यःस्थिती व ती पुढे कुठे पाहायची याचा पत्ता द्यावा असे सुचवले आहे. क्लायंट मग त्या पत्त्यावर खेटे घालतो.

स्थिती कशी सांगायची याचे प्रत्येक सेवेचे रिवाज वेगळे आहेत. गूगलच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामने सेवेशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) दीर्घकाळ चालणाऱ्या कामाची एक नोंद मिळते व तिच्यात ‘डन’ नावाचा रकाना असतो. तो खरा झाला की ‘एरर’ किंवा ‘रिस्पॉन्स’ यांपैकी एकच गोष्ट हाती येते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत ‘सक्सीडेड’, ‘फेल्ड’ आणि ‘कॅन्सल्ड’ या तीन स्थिती अंतिम आहेत, आणि त्यांखेरीज कोणताही शब्द आला तरी काम चालू आहे असे समजायचे असते. ही दुसरी पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. सेवेने उद्या मधली एखादी नवी स्थिती आणली, तरी जुने क्लायंट गोंधळत नाहीत. सुरक्षा प्रमाणपत्रे आपोआप देण्यासाठीच्या एक्मे या प्रोटोकॉलमध्ये (आरएफसी ८५५५, मार्च २०१९) मागणी ‘पेंडिंग’, ‘रेडी’, ‘प्रोसेसिंग’ अशा टप्प्यांतून जात ‘व्हॅलिड’पर्यंत पोहोचते, आणि वाटेत कुठेही ‘इनव्हॅलिड’ होऊ शकते.

थांबण्याच्या तीन वाटा

‘अमुक होईपर्यंत करत राहा’ ही रचना जुनी आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘अन्टिल’ (होईपर्यंत) हा शब्दच लूपसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांसाठी, राखलेला होता. ॲन्सिबल या स्वयंचलन साधनात तोच शब्द कामाला जोडता येतो : ‘अन्टिल’मध्ये अट, ‘रिट्राइज’मध्ये किती वेळा आणि ‘डिले’मध्ये किती सेकंदांनी. नुसती अट लिहून बाकीचे काही सांगितले नाही, तर ३ पुनःप्रयत्न आणि दोन प्रयत्नांत ५ सेकंद असे मानले जाते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या कमांड-लाइन साधनात ‘वेट’ नावाच्या तयार आज्ञा आहेत. आभासी सर्व्हर चालू होण्याची वाट पाहणारी आज्ञा दर १५ सेकंदांनी विचारते आणि ४० वेळा निराशा पदरी पडली की २५५ हा निर्गम-संकेत (अपयशाची खूण) देऊन बाहेर पडते, म्हणजे साधारण १० मिनिटांनी.

नवशिका माणूस अट लिहितो ती अशी : स्थिती ‘पूर्ण’ होईपर्यंत विचारत राहा. नेमके इथेच घोडे पेंड खाते. काम पहिल्याच मिनिटाला ‘अयशस्वी’ झालेले असते, सेवा प्रत्येक वेळी तसे स्पष्ट सांगत असते, आणि प्रोग्राम मात्र ‘पूर्ण’ हा शब्द कानावर पडत नाही म्हणून तासभर तोच प्रश्न विचारत राहतो. शेवटी नोंदवहीत ‘वेळ संपला’ असे उमटते. खरे कारण पहिल्याच मिनिटापासून उत्तरात लिहिलेले होते. ते कुणी वाचलेच नाही. म्हणून अटीत यश आणि अपयश या दोन्ही अंतिम स्थिती असाव्या लागतात. लूप दोन्हींवर थांबवावा आणि तो कशावर थांबला याचा निवाडा बाहेर पडल्यावर करावा.

तिसरी वाट मुदतीची. सेवा कधीच अंतिम स्थितीला पोहोचली नाही, तर कुठेतरी हात टेकावे लागतात. ही मुदत प्रयत्नांच्या संख्येत मोजण्याची सवय फसवी आहे. समजा, ६० प्रयत्न आणि दोन प्रयत्नांत १० सेकंद असे ठरवले. कागदावर ही १० मिनिटे झाली. पण सेवा अडखळली आणि प्रत्येक विनंती ३० सेकंद लटकून मग तुटली, तर त्याच ६० प्रयत्नांना ४० मिनिटे लागतात. ॲन्सिबलच्या वेब विनंत्या पाठवणाऱ्या ‘यूआरआय’ मॉड्यूलमध्ये एका विनंतीची कालमर्यादा मुळात ३० सेकंदच आहे, तेव्हा हे उदाहरण हवेतले नाही. मुदत घड्याळावर मोजावी, आणि तीही संगणकाच्या एकदिश घड्याळावर. भिंतीवरच्यासारखे चालणारे घड्याळ मधेच दुरुस्त केले जाऊ शकते. एकदिश घड्याळ कधी मागे जात नाही.

मुदत संपली म्हणजे काम फसले असेही नसते. पलीकडे ते अजून चालू असेल, किंवा शेवटच्या विचारणेनंतर दोनच सेकंदांनी पूर्ण झालेले असेल. अशा वेळी तेच काम नव्याने सोपवले तर एकाऐवजी दोन सर्व्हर उभे राहतात किंवा पैसे दोनदा वळते होतात. स्थिती विचारणारी ‘गेट’ विनंती कितीही वेळा पाठवली तरी सेवेची अवस्था बदलत नाही. काम सोपवणारी ‘पोस्ट’ विनंती तशी निर्धोक नसते. यासाठी अनेक सेवा कामासोबत एक अनन्य किल्ली मागतात आणि तीच किल्ली पुन्हा आली तर नवे काम न काढता जुन्याचेच उत्तर देतात. पोलिंगच्या लूपमध्ये ‘पोस्ट’ ठेवणाऱ्याने आधी या किल्लीची सोय पाहावी.

दोन विचारणांमधले अंतर

ठरावीक अंतराने विचारले तर काम संपल्यापासून ते कळेपर्यंत सरासरी त्या अंतराच्या निम्मा वेळ वाया जातो. अंतर कमी करावे तर सेवेवरचा भार वाढतो. दर ५ सेकंदांनी विचारणारे १,००० क्लायंट सेकंदाला २०० विनंत्या धाडतात, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचे उत्तर ‘अजून नाही’ असेच असते.

मधला मार्ग म्हणजे अंतर दरवेळी वाढवत नेणे : १, २, ४, ८ सेकंद असे. १० मिनिटांच्या कामासाठी दर ५ सेकंदांनी विचारायचे तर १२० विनंत्या लागतात. दुप्पट करत जाऊन ६० सेकंदांवर अंतर रोखले तर १५ पुरतात. वरची मर्यादा आवश्यक असते. ती नसेल, तर ६३ व्या सेकंदाच्या विचारणेनंतर लगेच संपलेले काम थेट १२७ व्या सेकंदाला कळते, आणि ही दिरंगाई पुढे वाढतच जाते. वेबवरून डेटा मागवणाऱ्या कर्ल या साधनाचा ‘रिट्राय’ पर्याय १ सेकंदापासून सुरुवात करून अंतर दुप्पट करत १० मिनिटांपर्यंत नेतो.

ही युक्ती नेटवर्कच्या जगातून आली. एकच तार अनेक यंत्रांत वाटून घेणाऱ्या जुन्या ईथरनेटमध्ये दोन यंत्रांचे संदेश एकमेकांवर आदळले की दोघेही यादृच्छिक काळ थांबत. या काळाची कमाल मर्यादा प्रत्येक टकरीनंतर दुप्पट होई, १० टकरींनंतर वाढायची थांबे आणि १६ प्रयत्नांनंतर संदेश सोडून दिला जाई. थांबण्याची शिस्त नसली की काय होते हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यात अवघ्या सुमारे ४०० यार्डांचे अंतर. त्यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पोचपावती येईना म्हणून यंत्रे तेच ते पुन्हा पाठवत होती, आणि त्या गर्दीने पोचपावती आणखी लांबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायांत पुनःप्रेषणाचा काळ चढत्या श्रेणीने वाढवणे हाही एक होता.

अंतर वाढवण्यातही एक उणीव राहते. सेवा क्षणभर बंद पडली आणि हजार क्लायंट एकाच वेळी अडले, तर ते सगळे एकाच तालात १, २, ४ सेकंदांनी परत येतात आणि दर वेळी एकत्र धडकतात. प्रत्येकाने आपल्या अंतरात थोडी यादृच्छिकता मिसळली की ही फळी मोडते. याला जिटर म्हणतात. शून्य ते ठरलेले अंतर यांमधली कोणतीही संख्या निवडणे हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार आहे, आणि बहुतेक वेळा तो पुरतो.

सेवेने स्वतःच अंतर सांगितले असेल तर आपले गणित बाजूला ठेवावे. ‘रिट्राय-आफ्टर’ या शीर्षलेखात (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळीत) सेवा सेकंद किंवा तारीख-वेळ देते. ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आणि ४२९ (फार विनंत्या झाल्या) या उत्तरांसोबत तो येऊ शकतो. या बाबतीत सर्वांत नीट लिहिलेला करार मला आरएफसी ८६२८ (ऑगस्ट २०१९) मध्ये दिसतो. दूरचित्रवाणी संचासारख्या, कळफलक नसलेल्या उपकरणावरून खात्यात प्रवेश कसा करायचा, ते त्यात सांगितले आहे. पडद्यावर एक संकेत दिसतो, माणूस तो फोनवर भरून परवानगी देतो आणि तोवर संच सर्व्हरला विचारत राहतो. सर्व्हरने अंतर सांगितले नसेल तर ते ५ सेकंद धरायचे. ‘परवानगी प्रलंबित’ असे उत्तर आले तर त्याच गतीने विचारत राहायचे. ‘सावकाश’ असे आले तर अंतर ५ सेकंदांनी कायमचे वाढवायचे. ‘नाकारले’ किंवा ‘संकेत कालबाह्य’ असे आले तर थांबायचे. यश, अपयश, मुदत आणि गती या चारही गोष्टी तिथे शब्दांत बांधलेल्या आहेत.

मे २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर अचानक विनंत्यांचा पूर आला. घरगुती राउटरांच्या काही मॉडेलांत त्या सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहिलेला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत दर सेकंदाला विचारत राहा असा लूप होता. अशी ७ लाखांहून अधिक उपकरणे तयार झाली होती. प्रवाह सेकंदाला अडीच लाख पॅकेटांपर्यंत गेला. विद्यापीठाने विनंत्या अडवल्या तेव्हा राउटरांना उत्तर मिळेना, आणि उत्तर मिळेना म्हणून त्यांचा तगादा थांबेना. त्या लूपला यशाखेरीज बाहेर पडण्याची वाटच ठेवलेली नव्हती, आणि एकदा घरोघरी पोहोचलेली उपकरणे परत बोलावून ती वाट करून देणे सोपे नव्हते.

उत्तर वाचताना

२०० हा संकेतांक ‘तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिले’ एवढेच सांगतो. काम फसल्याची बातमीही २०० सोबतच येते, कारण ती बातमी देण्याचे काम यशस्वी झालेले असते. म्हणून संकेतांक आणि मजकुरातला स्थितीचा रकाना दोन्ही तपासावे लागतात. मध्ये कॅशे (उत्तरे साठवून ठेवणारा थर) असेल तर तो काही मिनिटांपूर्वीचे ‘चालू आहे’ हे उत्तर पुन्हा पुन्हा वाढत राहतो. स्थितीच्या पत्त्यावरची उत्तरे साठवू नयेत अशी सूचना सेवेने द्यायला हवी. काम सोपवल्याबरोबर विचारले तर ४०४ (सापडले नाही) येऊ शकतो, कारण नोंद सेवेच्या सर्व प्रतींपर्यंत पोहोचलेली नसते. सुरुवातीचे काही सेकंद हा ४०४ सोसावा; पुढेही तो येत राहिला तर पत्ताच चुकला आहे असे धरावे. ४०१ (ओळख पटली नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) आला तर पुन्हा विचारण्यात अर्थ नाही, ओळखपत्रे तपासावीत.

नुकतीच सुरू झालेली सेवा एकदा ‘तयार’ म्हणते आणि पुढच्याच क्षणी कोलमडते, असेही घडते. अशा ठिकाणी सलग दोन-तीन वेळा तेच उत्तर आल्यावरच विश्वास ठेवतात. कंटेनर (अलग बांधलेले प्रोग्राम) चालवणाऱ्या क्युबरनेटीस या साधनातली सज्जतेची तपासणी हेच उलट दिशेने करते : डीफॉल्ट मांडणीत दर १० सेकंदांनी विचारून सलग ३ अपयशांनंतर ती कंटेनरला नापास ठरवते.

पर्याय

सेवेनेच निरोप धाडावा अशी सोय वेबहुकमध्ये असते. मात्र त्यासाठी क्लायंटकडे बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता लागतो, आणि आपल्या संगणकावर चालणाऱ्या स्क्रिप्टकडे तो नसतो. लाँग पोलिंगमध्ये सर्व्हर उत्तर काही काळ रोखून धरतो आणि स्थिती बदलताच देतो. वेबसॉकेटमध्ये (आरएफसी ६४५५, २०११) दोन्ही बाजू एकाच उघड्या जोडणीवर बोलतात. तासातून एकदा बदलणाऱ्या स्थितीसाठी ती जोडणी सांभाळण्याचा खटाटोप सहसा परवडत नाही. वेबहुकचा निरोप वाटेत हरवू शकतो, म्हणून जिथे निकाल चुकून चालणार नाही, तिथे वेबहुक घेऊनही दर काही मिनिटांनी एक संथ पोलिंग चालू ठेवले जाते.