चीनमधल्या बायकांचा मेनोपॉज आणि नोकरी, मागची गोष्ट

चीनमध्ये शिक्षिका, नर्स, कारखान्यातल्या कामगार, शेतकरी बायका अशा सगळ्यांचे मेनोपॉजचे सर्वे होतात आणि कुणाला कसला त्रास जास्त याचे टेबल येतात, पण नुसतं टेबल बघून काही कळत नाही, जरा मागे जावं लागतं.

हुआंगदी नेइजिंग या त्यांच्या दोनेक हजार वर्षं जुन्या वैद्यकग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांनी मोजलंय, आणि सात साते एकोणपन्नासला पाळी जाते असं सरळ लिहिलंय. आजार म्हणून नाही हं, वयाचा टप्पा म्हणून.

मग १९५१ चे कामगार विम्याचे नियम आले. पुरुष ६० ला रिटायर, कामगार बाई ५० ला. पुढे ऑफिसातल्या बायकांना ५५ झालं आणि १९७८ मध्ये तेच पक्कं केलं. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे, कारण मशीनवरची बाई पाळी जायच्या सुमारास घरी बसायची आणि ऑफिसातली तोच त्रास अंगावर काढत आणखी पाच वर्षं कामाला जायची. शेतकरी बाईला तर रिटायरमेंटच नाही. त्यात नव्वदच्या दशकात सरकारी कारखान्यांनी ढिगाने माणसं काढली, चाळिशीतल्या बायका घरी आल्या, आता त्यांची झोप उडाली ती हार्मोनमुळे की पगार थांबला म्हणून, हे कोण आणि कसं वेगळं करणार?

मोजायची पट्टीपण बघा. तिथे जास्त चालतो तो कुपरमन इंडेक्स, म्हणजे मेनोपॉजच्या एकेका त्रासाला मार्क देऊन बेरीज करायची पद्धत, मूळची १९५० च्या दशकातली अमेरिकन. त्यात अंगातून गरम वाफा येण्याच्या मार्कांना चारने गुणतात, सांधेदुखीला फक्त एकने. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात चिनी वंशाच्या बायकांनी गोऱ्या बायकांपेक्षा वाफांची तक्रार कमी केली होती, आणि जन्मभर भाताच्या चिखलात वाकलेली बाई डॉक्टरला आधी काय सांगणार, कंबर आणि गुडघेच ना! तिचा स्कोअर कमी आला म्हणजे तिला त्रास कमी आहे असं मला तरी वाटत नाही.

आता १ जानेवारी २०२५ पासून कामगार बायकांचं वय १५ वर्षांत हळूहळू ५० वरून ५५ वर नेतायत, ऑफिसवाल्यांचं ५८ वर. म्हणजे कापड गिरणीतली बाईसुद्धा ही वर्षं आता साचाखात्यातच, म्हणजे मागांच्या विभागातच काढणार, जिथे धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवतात.