दाट कुरळ्या केसांचा ओलावा : गोव्यातली घरगुती पद्धत

दाट आणि कुरळ्या केसांत पाणी टिकून राहावं, ते रखरखीत होऊन पिंजारू नयेत म्हणून खोबरेल, भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तूप), कोरफड, अळशी, जास्वंद, शिकेकाई अशा गोष्टी वापरून घेतलेली काळजी म्हणजे ही पद्धत. गोव्यात यातलं बरंचसं परसात नाहीतर बाजारात मिळतं, त्यामुळे यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटतं, पण खरी अडचण वस्तूंची नाही, हवेची आहे. जून ते सप्टेंबर एक हवा, डिसेंबर-जानेवारीत दुसरीच, आणि एकच उपाय बारा महिने रेटला की केस बिघडतात.

कुरळे केसच कोरडे का पडतात

टाळूतून तेल सगळ्यांच्याच सुटतं. सरळ केसावरून ते टोकापर्यंत उतरतं, कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडतं, म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे ठाक असा प्रकार होतो. त्यात केसाच्या बाहेरच्या थरावर, म्हणजे क्युटिकलवर, कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि केस जिथे वळतो तिथे ते जरा उचललेले असतात, तिथून पाणी पटकन आत शिरतं आणि तितक्याच पटकन निघूनही जातं. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी धरतो आणि जाडीला 14-15 टक्के फुगतो, वाळला की परत आकसतो. हे फुगणं-आकसणं रोज चाललं की खवले झिजतात आणि केस कमजोर होतो, त्यामुळे "रोज डोक्यावरून आंघोळ केली की केसाला ओलावा मिळतो" हे उलटंच आहे.

दुसरा गोंधळ तेलाचा. तेल म्हणजे ओलावा नव्हे, ओलावा म्हणजे पाणी, तेल फक्त ते अडवून धरतं. कोरड्या ठाक केसांवर वरून तेल चोपडलं तर केस चमकतात पण आतून कोरडेच राहतात, आणि दोन दिवसांनी परत तीच तक्रार.

केसांचे 1 ते 4 असे प्रकार (1 सरळ, 2 लाटदार, 3 कुरळे, 4 अगदी बारीक घट्ट वळणांचे) अमेरिकन हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकरने 1990च्या दशकात लोकप्रिय केले. आपल्याकडे ज्यांना सगळे "कुरळे केस" म्हणतात ते बहुतेक 2 आणि 3 मध्ये बसतात. इंटरनेटवरचे बरेच सल्ले मात्र 4 नंबरच्या केसांसाठी तयार झालेत, कृष्णवर्णीय बायकांनी स्वतःच्या केसांवर करून बघून ते बसवले, आधी पाणी, मग तेल, मग क्रीम अशी त्यांची पद्धत आणि पश्चिम आफ्रिकेतलं शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तेल), त्यांच्या केसांना ते चपखल बसतं. तेच जसंच्या तसं पेडण्यातल्या नाहीतर फोंड्यातल्या मुलीने जुलैत केलं की वळणं खाली बसतात आणि डोकं चिकट होतं, मग दोष शिया बटरला.

हवा बघून ठरवायचं

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हवेतच इतकं पाणी असतं की केस ते ओढून घेतात, केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे कच्चे दुवे, सुटून नको तिथे परत जुळतात, आणि सकाळी बांधलेली वळणं दुपारपर्यंत पिंजारतात. अशा वेळी ग्लिसरीन, मध, कोरफड यांसारख्या पाणी ओढणाऱ्या गोष्टी कमी वापराव्यात कारण त्या हवेतलं आणखी पाणी केसात आणतात. पावसात खरं काम पाणी आत घालायचं नाही, आत येणाऱ्या पाण्याला आवर घालायचं आहे, म्हणून तेल आणि जेल.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, हवा त्यामानाने कोरडी होते, ओठ फुटतात आणि केसांची टोकंही. तेव्हा कोरफडीचा गर, त्यावर थोडं जड तेल, असं चालतं. एप्रिल-मेमध्ये घाम हा वेगळाच त्रास, घामातल्या मिठाने टाळू खाजते, त्या महिन्यांत तेल टाळूला न लावता फक्त लांबीला लावलेलं बरं.

खोबरेल

इथे थोडं थांबायला हवं, कारण ज्या वस्तूला आपण रोजची म्हणून किंमत देत नाही तिच्या मागे चांगला शास्त्रीय आधार आहे. खोबरेलात जवळपास अर्धा भाग लॉरिक अॅसिड, त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या वरच राहत नाही, आत शिरतं. 2003 साली भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, तिघांपैकी केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, आणि धुण्याआधी लावलं तरीही आणि धुतल्यावर लावलं तरीही. आत शिरलेलं तेल केसाला पाण्याने जास्त फुगू देत नाही, हा कुरळ्या केसांसाठी सगळ्यात मोठा फायदा.

म्हणून नहायच्या आधी तेल. आदल्या रात्री लावलं तर उत्तम, नाहीतर निदान तासभर आधी. केसांचे चार-पाच भाग करून प्रत्येक भागावर आधी पाण्याचा हलका हबका मारायचा, नुसते दमट झाले पाहिजेत, टपकता कामा नयेत, मग तळहातावर जेमतेम चमचाभर तेल घेऊन टोकाकडून वर वर न्यायचं, टाळूकडून खाली नाही. बोटांनी गुंता सोडवायचा, फणी नंतर. दाट केसांत हे सगळं करायला वेळ लागतो आणि हात भरून येतात, पण धुताना गळणारी जी मूठभर केसांची गुंतवळ असते ती यानेच कमी होते.

तेल घाण्यावरचं असेल तर छानच. उन्हाळ्यात अंगणात खोबरं वाळत घालून घाण्यावर नेणारी घरं अजून आहेत, वाळलेल्या खोबऱ्यात 60 ते 65 टक्के तेल असतं पण खोबरं नीट वाळलं नसेल तर तेलाला महिन्याभरात खवट वास मारतो, आणि खवट तेल केसांना लावू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुटं तेल घेताना वास घेऊनच घ्यावं, विकणारीला राग येत नाही. 24 अंशांच्या आसपास खोबरेल थिजायला लागतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बाटली पांढरी दिसली तर ते शुद्ध आहे असंही नाही आणि भेसळ आहे असंही नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि पुढे जायचं.

नारळाचा रस, म्हणजे खोबऱ्याचं दूध, केसांना लावायची पद्धतही इथे आहे, आणि ख्रिस्ती लग्नांतल्या रोसच्या विधीत तर वधूवरांना नारळाचा रस आणि तेल लावून न्हाऊ घालतात. घरी करायचं तर रस अगदी ताजा हवा, अर्धा तास पुरे, आणि नंतर चांगलं धुवायचं कारण तो केसात राहिला तर संध्याकाळी आंबूस वास येतो.

एक मोठा अपवाद: कोंडा. टाळूवरच्या मलासेझिया नावाच्या यीस्टला तेलातली फॅटी अॅसिड्स खायला मिळतात, त्यामुळे कोंडा असताना टाळूला तेल थापणं म्हणजे त्यालाच जेवू घालणं. आज्यांना हे पटत नाही, पण लांबीला लावा आणि टाळू सोडा.

भिरंडेल

शिया बटर ऑनलाइन मागवण्याआधी हे बघायला हवं. भिरंड म्हणजे कोकम, फळं एप्रिल-मेमध्ये, सालीची सोलं होतात आणि बिया उरतात. बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की वर तूप तरंगतं, ते काढून गार झालं की त्याचे फिकट पांढरे गोळे वळतात. टाचांच्या भेगांना ते लावायची जुनी पद्धत, केसांना लावायचं बऱ्याच घरांत सुचलेलंच नाही. त्यात स्टिअरिक अॅसिड भरपूर असल्यामुळे ते शियापेक्षा कडक असतं आणि साधारण 38 ते 40 अंशांना वितळतं, म्हणजे गोव्याच्या उन्हाळ्यातसुद्धा डबीत घट्ट राहतं.

कडक आहे म्हणून नुसतं लावू नये, केसांत कण अडकून राहतात. एक भाग भिरंडेल, तीन भाग खोबरेल, मंद आचेवर गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं आणि गार होताना ढवळत राहायचं, मग ते मऊ होतं. हरभऱ्याएवढं घेऊन तळहातांत चोळून फक्त शेवटच्या तीन-चार इंचांना, ओल्या केसांवर. पावसाळ्यात जवळजवळ नकोच.

बुळबुळीत वस्तू

अळशी, भेंडी, जास्वंदीची पानं, या सगळ्यांत एकच गुण, उकळल्यावर किंवा चोळल्यावर बुळबुळीत रस सुटतो जो केसावर पातळ थर बनवून वळणं धरून ठेवतो. अळशीचं जेल सगळ्यात भरवशाचं: दोन मोठे चमचे अळशी, दोन कप पाणी, ढवळत उकळायचं, फेस येऊन चमच्यावरून तार सुटली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की गाळलं जात नाही, फडकं पिळून पिळून हात दुखतात आणि अर्धं जेल फडक्यातच राहतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर गोव्याच्या हवेत दुसऱ्या दिवशीच वास येतो. ओल्या केसांवर लावून, खालून मुठीत वर दाबत वाळू द्यायचं, वाळल्यावर केस कडक लागतात तेव्हा घाबरू नये, दोन थेंब तेल हाताला लावून चुरगाळले की मोकळे होतात.

जास्वंदीची पानं पाण्यात चोळून गाळलेला रस धुताना वापरतात, गुंता छान सुटतो. कोरफड परसातली असेल तर पान कापून उभं ठेवायचं, पिवळा चीक पूर्ण गळू द्यायचा, तो त्वचेला खाजतो. गर मिक्सरमधून काढून गाळल्याशिवाय कुरळ्या केसांत घालू नये, तुकडे वेचत बसावं लागतं.

धुणं

शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस त्याचाच. नुसता रिठा केस कोरडे करतो, शिकेकाई त्यामानाने सौम्य. बाजारातली पूड दाट कुरळ्या केसांत घालणं ही मात्र शिक्षा आहे, भुसा दोन दिवस निघत राहतो. शेंगा, थोडे रिठे आणि सुके आवळे रात्रभर भिजत घालून सकाळी उकळावे, हाताने कुस्करून गाळलेलं पाणी वापरावं, डोळे मिटून, कारण झोंबतं जबरदस्त.

शेवटच्या पाण्यात माडाचा विनेगर. सुरेपासून (माडीपासून) केलेला हा विनेगर गोव्याच्या स्वयंपाकघरात असतोच, लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे, त्यापेक्षा जास्त नाही. आम्लाने क्युटिकलचे खवले बसतात, केस गुळगुळीत लागतात. वास वाळल्यावर जातो.

लिंबू थेट टाळूला चोळू नये, फारच आंबट आहे आणि वर ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी काळी पडते. खाण्याच्या सोड्याचं उलट, तो अल्कधर्मी, खवले उघडतो आणि केस राठ होतात. एरंडेलाबद्दलही सांभाळून: अतिशय चिकट, जास्त ओतलं आणि दाट लांब केस चोळून धुतले तर असा गठ्ठा होतो की सुटतच नाही, भारतातल्या अशा एका घटनेची नोंद 2017 मध्ये वैद्यकीय जर्नलमध्ये आहे, शेवटी केस कापावे लागले. तांदळाच्या पाण्याचं सध्या फॅड आहे, महिन्यातून एखाददा ठीक, रोज लावलं तर केस कडक होतात. उकड्या तांदळाची पेज पिऊन टाकलेली बरी.

समुद्र, विहीर, हेल्मेट

समुद्रात जाण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून थोडं खोबरेल लावलं तर भिजलेला केस खारं पाणी कमी पितो, आणि बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, बीचवर वाळवत बसायचं नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या दिवसांत शेवटचा तांब्या तरी नळाच्या पाण्याचा घ्यावा.

स्कूटरवरून रोज जाणाऱ्यांच्या केसांचं सगळ्यात जास्त नुकसान हेल्मेटच्या आतल्या कापडाने होतं, ते केस घासतं आणि तेल शोषून घेतं. आत सॅटिनचा रुमाल बांधायचा, पावसात तो ओला झाला तर ऑफिसात गेल्यावर काढून वाळत टाकायचा, आणि ओले केस बांधून हेल्मेट घालायचं नाही, त्याने टाळूला बुरशी धरते. कुठलीही नवी वस्तू लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून 24 तास बघावं, परसातली असली तरी. आणि केस गोलगोल चट्ट्यांनी गळत असतील तर ते ओलाव्याचं काम नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे जावं.